फाइल सर्व्हर मंद चाललाय, पण नेमकं कोण कोणासाठी थांबलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवरचा एक फाइल सर्व्हर, १२ हार्ड डिस्क, रेड ६ (डिस्कचा असा संच, ज्यात दोन बिघडल्या तरी डेटा वाचतो). चाळीसेक जण विंडोजवरून सांबामार्फत (लिनक्सवरच्या फायली विंडोजला देणारा प्रोग्राम) वापरतात, शिवाय काही लिनक्स मशिन्स एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वापरण्याची लिनक्सकडची पद्धत) जोडलेली. मोठी फाइल कॉपी केली तर सेकंदाला ११० मेगाबाइट वेग मिळतो, पण बारीक फायलींचं फोल्डर कॉपी करायला घेतलं की मिनिटांमागून मिनिटं जातात. दुपारी मधूनच साधी फाइल सेव्ह करतानाही दहा-वीस सेकंद सगळं गोठतं. सीपीयू ८५ टक्के रिकामा, लोड ॲव्हरेज (चालू असलेल्या आणि थांबून राहिलेल्या कामांची सरासरी संख्या) मात्र ३०. रॅम ३२ जीबीची १२८ केली, फायदा दिसला नाही, उलट गोठणं वाढल्यासारखं वाटतं. आता एसएसडी घ्यावी की नेटवर्क १० गिगाबिटचं करावं?

आत्ता दोन्ही नको. कारण तुम्ही ज्याला ‘सर्व्हर स्लो’ म्हणताय त्यात किमान दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींवर एकच औषध चालेल असं मला वाटत नाही. रॅमच्या बाबतीत आधीच ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ असं झालेलं दिसतंय. पुढच्या खरेदीत तेच नको.

आधी जे ठीक आहे ते बाजूला काढू. गिगाबिटच्या तारेतून सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला १२५ मेगाबाइट जातात, हेडरचा (प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्या-माहितीचा) खर्च वजा केला की हातात ११० ते ११७ उरतात. तुम्हाला ११० मिळतात, म्हणजे मोठ्या फाइलच्या वेळी क्लायंटची (वापरणाऱ्याच्या मशिनची) तार भरून वाहते आहे. डिस्क, सर्व्हर, स्विच, सगळे तिला पुरून उरतायत. (हाच आकडा ११-१२ आला असता तर मी पुढचं काही न वाचता केबल बदला म्हटलं असतं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि कुठेही एरर दिसत नाही.)

आता बारीक फायली. समजा २०,००० फायली आहेत, सरासरी १० किलोबाइटच्या. एकूण माल २०० मेगाबाइट, तुमच्या वेगाने दोन सेकंदांचं काम. पण फाइल सर्व्हरशी बोलणं म्हणजे फेऱ्या मारणं असतं. फाइल तयार कर, तिची माहिती दे, हे लिही, वेळ नोंदव, बंद कर. दर फाइलमागे सहा फेऱ्या धरा, दर फेरीला २ मिलिसेकंद. एका फाइलला १२ मिलिसेकंद, २०,००० फायलींना २४० सेकंद. चार मिनिटं. या चार मिनिटांत तार जवळजवळ रिकामीच असते. नेटवर्क १० गिगाबिटचं केलंत तर त्या दोन सेकंदांचे ०.२ होतील आणि चार मिनिटांतले दोनेक सेकंद वाचतील. म्हणून फाइल सर्व्हरच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न ‘वेग किती’ असा विचारत नाही. ‘एका फेरीला किती वेळ लागतो आणि फेऱ्या किती होतात’ हे विचारतो.

फेरीचे २ मिलिसेकंद कुठे जातात ते शोधायचं. स्थानिक नेटवर्कवर पिंग साधारण ०.२ ते ०.५ मिलिसेकंदात परत येतो. उरलेला वेळ सर्व्हरच्या आत जातोय की क्लायंटच्या आत, हा खरा प्रश्न. एनएफएसच्या क्लायंटवर याचं उत्तर आयतं मिळतं. ‘एनएफएसआयओस्टॅट’ चालवा. त्यात प्रत्येक प्रकारच्या विनंतीसाठी दोन सरासरी वेळा दिसतात: एक विनंती बाहेर पडल्यापासून उत्तर येईपर्यंतची, म्हणजे आरटीटी, आणि दुसरी ॲप्लिकेशनने मागितल्यापासून काम पुरं होईपर्यंतची. दोन्ही सारख्या असतील तर क्लायंट निर्दोष. दुसरी पहिलीपेक्षा बरीच मोठी असेल तर विनंत्या दाराबाहेर पडण्याआधीच क्लायंटच्या रांगेत उभ्या आहेत, आणि तुम्ही सर्व्हरला उगाच दोष देताय. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये एसएमबी (सांबा जी भाषा बोलतो ती) क्लायंटच्या शेअर्सचे काउंटर आहेत, तिथे प्रत्येक वाचन-लेखनाला लागणारा सरासरी वेळ दिसतो.

पण माझं सगळ्यात आवडतं हत्यार याहून साधं आहे. सर्व्हरवर ‘टीसीपीडम्प’ लावायचा, एका क्लायंटचा पत्ता आणि पोर्ट ४४५ (एनएफएससाठी २०४९) एवढंच पकडायचं, अर्धा मिनिट पुरे. मग ती फाइल वायरशार्कमध्ये उघडायची आणि ‘सर्व्हिस रिस्पॉन्स टाइम’चा तक्ता काढायचा. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर विनंती आली तेव्हापासून उत्तर निघालं तोपर्यंतचा वेळ त्यात येतो. दोन्ही नोंदी एकाच घड्याळावरच्या, त्यामुळे घड्याळं जुळवायची कटकट नाही. हा वेळ कमी आणि क्लायंटला जाणवणारा जास्त, तर सर्व्हरच्या आत शोधणं थांबवा. उलट असेल तर केबल, स्विच, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) यांबद्दलच्या सगळ्या चर्चा थांबवा. अर्ध्या तासात अर्धं जंगल छाटलं जातं. आठवडाभर स्विचचे सेटिंग बदलत बसलेली माणसं मी पाहिलीत, ज्यांच्या सर्व्हरला एका ‘क्रिएट’साठी ४० मिलिसेकंद लागत होते.

तुमच्या बाबतीत हा वेळ सर्व्हरच्या आतच निघेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याचं कारण ते ३० चं लोड ॲव्हरेज. लिनक्समध्ये हा आकडा फक्त सीपीयूसाठी थांबलेल्यांचा नसतो. डिस्कसाठी अडकून पडलेल्या, ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेस आणि थ्रेडही त्यात मोजले जातात. सीपीयू रिकामा आणि लोड ३०, याचा सरळ अर्थ असा की साधारण तीस जण डिस्कच्या दारात ताटकळत उभे आहेत. ‘पीएस’च्या यादीत ‘डी’ असलेले थ्रेड पाहा. एनएफएसचे आहेत की सांबाचे, की भलत्याच कुणाचे, हे लगेच कळेल. ‘भलत्याच’ला मी मुद्दाम जागा ठेवतोय. बॅकअप, व्हायरस स्कॅन, फायलींची अनुक्रमणिका बनवणारी एखादी सेवा, किंवा रेडची स्वतःची तपासणी. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर रेडची अशी तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते, आणि डिस्क मोठ्या असतील तर ती सोमवारीही चालू असू शकते.

सीपीयू ८५ टक्के रिकामा, या वाक्यावरही आंधळा विश्वास नको. ८ कोरच्या यंत्रात एकच कोर पूर्ण भरला तर एकूण वापर १२.५ टक्केच दिसतो. सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, त्यामुळे एकाच क्लायंटचं जड काम, विशेषतः एन्क्रिप्शन चालू असताना, एका कोरला घाम फोडू शकतं. ‘एमपीस्टॅट’ला कोरनिहाय आकडे मागा. एकही कोर भरलेला नसेल तर हा मुद्दा कायमचा मिटला.

आता डिस्क, आणि इथे जरा थांबू. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची तबकडी अर्धा वळसा घ्यायला ४.१७ मिलिसेकंद घेते, त्यात हेड जागेवर जाण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडचं-तिकडचं वाचन सेकंदाला पाऊणशे-ऐंशी. तुमच्या १२ डिस्क मिळून सुमारे ९०० झाले. लिहिताना मात्र रेड ६ चा भुर्दंड बसतो. एक छोटा तुकडा बदलायचा तर जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठीची जादा माहिती) वाचायच्या, मग तिन्ही पुन्हा लिहायच्या. एका लेखनाची सहा कामं. ९०० भागिले ६, म्हणजे १५०. बाराच्या बारा डिस्क मिळून सेकंदाला १५० छोटी लेखनं, एवढीच तुमची खरी ऐपत. तोच संच सलग वाचनात सेकंदाला हजारभर मेगाबाइट सहज देईल, म्हणून तर मोठी फाइल कॉपी करताना तो इतका शहाणा वाटतो. राइट कॅशे (लेखनं आधी साठवून घेणारी वेगवान मेमरी) आणि लेखनं जोडून घेण्यामुळे प्रत्यक्षात १५० पेक्षा बरं चित्र दिसतं, पण चाळीस माणसं आणि वर एनएफएसची मशिन्स, एवढ्यांना ते पुरत नाही.

एनएफएसच्या बाजूने आणखी एक गोष्ट. १९९५ मध्ये आलेल्या आवृत्ती ३ पासून क्लायंट आधी लिहितो आणि नंतर ‘कमिट’, म्हणजे डिस्कवर पक्कं झाल्याची खात्री, मागतो, त्यामुळे मोठ्या फायलींचं सुसह्य झालं. पण फाइल बंद करताना तो कमिट होतोच, आणि फाइल तयार झाल्याची नोंदही डिस्कवर पक्की व्हावी लागते. फाइल बारीक असली की सगळा वेळ या पक्केपणातच जातो. यावर कुणीतरी तुम्हाला एक्स्पोर्टला (एनएफएसने वाटलेल्या फोल्डरला) ‘असिंक’ लावा म्हणून सांगेल. लावलंत तर वेग खरोखरच उसळतो, कारण सर्व्हर डिस्कवर न लिहिताच ‘लिहिलं’ म्हणून सांगायला लागतो. वीज गेली की ते खोटं उघडं पडतं. फेकून देण्यासारख्या तात्पुरत्या फायलींसाठी ठीक, बाकी कुठेही मी ते करणार नाही.

डिस्कचे आकडे दाखवणारा ‘आयओस्टॅट’ एक्स पर्यायासह, दर सेकंदाला, गर्दीच्या वेळी चालवा आणि तीन रकाने पाहा: वाचनाचा सरासरी थांबा, लेखनाचा सरासरी थांबा, रांगेची लांबी. टक्केवारीच्या ‘युटिल’ रकान्याला फार भाव देऊ नका. तो फक्त डिस्कवर काही ना काही काम चालू होतं का एवढं सांगतो, आणि एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या रेड किंवा एसएसडीच्या बाबतीत १०० टक्के दिसले तरी क्षमता उरलेली असू शकते. रेड कंट्रोलरच्या (रेड चालवणाऱ्या वेगळ्या कार्डाच्या) मागे डिस्क लपलेल्या नसतील तर बाराही डिस्कचे आकडे शेजारी ठेवा. अकरा डिस्क १० मिलिसेकंदांवर आणि एक ८० वर, असं दिसलं तर बाकी सगळं सोडा. पट्टा (सगळ्या डिस्कवर विभागलेला डेटाचा एक तुकडा) पूर्ण व्हायला सगळ्यात हळू डिस्कची वाट पाहावी लागते. मरायला टेकलेली डिस्क पुष्कळदा आधी मंदावते आणि मग बंद पडते, तोवर रेडच्या लेखी ती धडधाकट असते. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) माहितीत ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्य नसेल तर ती बदलाच.

एनएफएसच्या थ्रेडची (विनंत्या हाताळणाऱ्या कामगारांची) संख्याही तपासा, अनेक वर्षं ती मुळात ८ असायची. आठ थ्रेड, प्रत्येकाला एका कामात २० मिलिसेकंद, तर सेकंदाला जास्तीत जास्त ४०० कामं, मग यंत्र कितीही मोठं असो. थ्रेड वाढवणं सोपं आणि निरुपद्रवी आहे, पण डिस्कच अडलेली असेल तर रांग नुसती खोलीच्या बाहेरून आत येईल. लोड ॲव्हरेज ३० चं ६० होईल आणि तुम्ही घाबराल.

आता ते दुपारचं गोठणं. माझ्या मते इथे तुमच्या नव्या रॅमचाच हात आहे. लिनक्स लेखनं आधी मेमरीत साठवतो. ही न लिहिलेली ‘डर्टी’ पानं उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की मागच्या मागे डिस्कवर उतरवायला सुरुवात होते, आणि २० टक्क्यांकडे सरकली की लिहिणाऱ्यांनाच अडवून धरलं जातं. ३२ जीबीवर हे आकडे साधारण ३ आणि ६ जीबी होते. १२८ वर ते १२ आणि २५ झाले. म्हणजे तुम्ही हौद मोठा केलात, खालची मोरी तेवढीच राहिली. कुणी दुपारी एखादं मोठं काम सर्व्हरवर ओतलं की हौद निवांत भरत राहतो, सगळ्यांना वाटतं वा, काय वेग आहे. मग उतरणी सुरू होते. १२ जीबी माल सेकंदाला १०० मेगाबाइटने उतरवायचा तरी दोन मिनिटं, आणि तो बारीक, विखुरलेला असेल तर किती तरी जास्त. त्याच वेळी कुणी छोटी फाइल सेव्ह केली आणि त्याच्या प्रोग्रामने ‘डिस्कवर पक्कं कर’ म्हटलं की ती बिचारी त्या लोंढ्याच्या मागे उभी राहते.

हे माझं म्हणणं खरं की खोटं ते तुम्हाला फुकटात कळेल. ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी दर सेकंदाला वेळेसह एका फाइलमध्ये टिपत राहा. गोठण्याची तक्रार आली की घड्याळ लावून पाहा. त्याआधी डर्टी चढत गेलेला आणि नेमक्या त्या वेळी राइटबॅकने उसळी मारलेली दिसली तर चोर सापडला. उपायही फुकट आहे: टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घालायची सोय कर्नलमध्ये आहे. मागच्या मागे उतरवण्यासाठी २५६ मेगाबाइट आणि अडवण्यासाठी १ जीबी इथून सुरुवात करा. रीबूट लागत नाही, आवडलं नाही तर परत फिरवता येतं. मोठ्या कॉपीचा सुरुवातीचा भपका कमी होईल, ते होऊ द्या. आणि तपासताना दर सेकंदाचे आकडे हवेत, हे विसरू नका. ‘सार’ या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामची नोंद मुळात दर १० मिनिटांनी होते, आणि १५ सेकंदांचं गोठणं ६०० सेकंदांच्या सरासरीत अडीच टक्के भरतं. आलेख गुळगुळीत दिसतो आणि वापरणारे खोटं बोलतात असं वाटायला लागतं.

गोठण्याचा कालावधी दर वेळी वेगळा आहे की ठरावीक, हेही टिपा. ताणामुळे होणारा उशीर कधी ७ सेकंद, कधी १८, असा वेडावाकडा असतो. बरोबर ५ सेकंद, १० सेकंद असा ठोक उशीर दिसला तर तिथे ताण नसतो, कुणीतरी कालमर्यादा संपायची वाट पाहत असतं. ५ सेकंद हा नाव शोधण्याचा नेहमीचा टाइमआउट आहे: पहिला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर मेलेला, दुसऱ्याकडून उत्तर येतं. तसंच लहान पातळीवर ४० मिलिसेकंदांचा उशीर पुन्हा पुन्हा दिसला तर लिनक्सचा उशिरा दिलेला ॲक (पोचपावती), आणि २०० मिलिसेकंदांचा दिसला तर बहुधा हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याआधीची किमान वाट. अशा वेळी मात्र नेटवर्क कार्डाचे आणि स्विचच्या पोर्टचे एरर व ड्रॉपचे आकडे बघायचे. ते आकडे किती आहेत यापेक्षा दहा मिनिटांत किती वाढले ते पाहा.

सांबाची एक खास गंमत सांगतो, कारण ती हमखास सुटते. विंडोजला फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सला वेगळी. त्यामुळे एखादं नाव जसंच्या तसं सापडलं नाही की ते वेगळ्या अक्षररूपात तरी आहे का हे बघायला सांबा अख्खी डिरेक्टरी चाळतो. एकाच फोल्डरमध्ये लाखभर फायली असतील तर प्रत्येक नवी फाइल तयार करताना ही चाळणी होते. तुमचं बारीक फायलींचं फोल्डर असं असेल तर ते उपफोल्डरमध्ये विभागा. काही जमणार नसेल तर त्या एका शेअरपुरते अक्षररूपाचे नियम सांबात कडक करता येतात, पण आधीच्या सगळ्या फायलींची नावं एकाच रूपात आणून मगच.

चाचणी घेताना स्वतःला फसवू नका. १२८ जीबी रॅमच्या सर्व्हरवर १० जीबीची फाइल वाचून काढलेला वेग हा रॅमचा वेग आहे. ‘एफआयओ’ या डिस्क-चाचणीच्या प्रोग्राममध्ये कॅशे टाळणारा डायरेक्ट मोड वापरा किंवा रॅमच्या दुप्पट फाइल घ्या. नुसती शून्यं लिहून केलेली चाचणी कॉम्प्रेशन असलेल्या फाइल सिस्टीमवर हास्यास्पद आकडे देते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हे मी शिकलो ते मार खाऊन. एका ठिकाणी सर्व्हर ठरावीक आठवड्यांनी काही तास मंदावायचा. मी पहिल्या वेळी थ्रेड, एमटीयू, माउंटचे पर्याय आणि शेड्युलर असे चार बदल एका दमात केले, संध्याकाळी सगळं सुरळीत झालं, आणि मी शाबासकी घेऊन घरी आलो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. कारण होतं रेड कंट्रोलरची बॅटरी. ठरावीक काळाने ती स्वतःला पूर्ण उतरवून पुन्हा भरायची, तेवढ्या वेळात कंट्रोलर राइट कॅशे बंद करून थेट डिस्कवर लिहायचा. कंट्रोलरच्या लॉगमध्ये ती नोंद पहिल्या दिवसापासून होती, मी तो लॉग उघडलाच नव्हता. तुमच्याकडे हार्डवेअर रेड असेल तर आज तो लॉग उघडा आणि कॅशे ‘राइट बॅक’वर (आधी कॅशेत) आहे की ‘राइट थ्रू’वर (थेट डिस्कवर), तेवढं पाहा.

राहिला एसएसडीचा प्रश्न. डर्टी पानांची मर्यादा घातल्यावर गोठणं थांबलं, एखादी आजारी डिस्क असेल ती बदलली, आणि तरी गर्दीच्या वेळी बाराही डिस्कचा थांबा सारखाच २०-३० मिलिसेकंद राहिला, तर मात्र एसएसडी घ्या. सगळा साठा बदलायची गरज नाही. दोन एसएसडींची आरशासारखी जोडी करा, बारीक फायलींची फोल्डरं तिच्यावर हलवा आणि मोठ्या फायली रेड ६ वरच राहू द्या. पॉवर गेल्यावर कॅशे वाचवणारे कपॅसिटर असलेली एसएसडी निवडा, नाहीतर प्रत्येक कमिटला ती खरोखर फ्लॅशवर उतरवत बसेल आणि एनएफएसवाल्यांची तक्रार पुन्हा तुमच्याकडेच येईल. १० गिगाबिटचा विचार सर्व्हरची तार भरलेली दिसेल तेव्हा. सर्व्हरलाही एकच गिगाबिट पोर्ट असेल आणि तीन-चार जण एकाच वेळी मोठ्या फायली ओढत असतील तर ती दुपारी भरतही असेल. ‘सार’च्या नेटवर्क नोंदीत, पुन्हा दर सेकंदाला, ते दिसेल. दोन गिगाबिट पोर्ट एकत्र बांधूनही काम भागू शकतं, फक्त त्याने एकट्या क्लायंटला ११० च्या वर वेग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण एक जोडणी एकाच तारेवरून जाते.